ओढून लावलेली पट्टी

मी घरं रंगवते. शिडीवरून पडले आणि उजवा खांदा निखळला. डॉक्टरांनी तो जागेवर बसवला, हात झोळीत अडकवला आणि पुढे मला फिजिओथेरपीच्या बाईंच्या हवाली केलं. तीन महिने व्यायाम चालला. खांद्यावर बाई निळी चिकटपट्टीही लावायच्या. शेवटी डॉक्टरांनी कामाला हो म्हटलं. मुकादमाचा निरोप आला, सोमवारी एका खोलीचं छत एकटीने रंगवून दाखव, नाहीतर दुसरं माणूस घेतो.

भिंती कोणीही रंगवतं. मला माझी छतं परत हवी होती.

शुक्रवारी पट्टी सुटली. धाकटी बहीण माझ्यासोबतच रंगकाम करते, तिलाच नवी लावायला बसवलं. रंग बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांच्या चौकटींना चिकटपट्ट्या लावण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलेलं.

"ओढून लाव. ताणल्याशिवाय रेघ सरळ येत नाही."

"ताई, हा खांदा आहे."

"ओढ म्हणते ना."

तिने ओढली. सकाळी पट्टीच्या दोन्ही टोकांशी टपोरे फोड आले होते.

बाईंनी कपाळाला हात लावला. "टोकं कधी ताणायची नसतात. आता आठ दिवस पट्टी बंद."

"सोमवारी छत आहे. पट्टीशिवाय खांदा टिकेल?"

"पट्टीने कधी धरला होता तो? तुम्ही व्यायामाने धरलाय. हात वाकडा गेला की ती कातडीला ओढ द्यायची, तुम्हाला कळावं म्हणून."

मला राग आला, तो स्वतःचाच. धाकटीला शहाणपणा शिकवला आणि स्वतःच्या खांद्याची खिडकीची चौकट करून बसले.

सोमवारी उघड्या खांद्याने शिडी चढले. रोलर फिरवला. पहिला पट्टा नीट गेला. मग कोपरा हाताशी आलाच आहे असं वाटलं, आणि मी अंग लांबवलं. तेवढ्यात खांद्याच्या मागे, जिथे पट्टी असायची तिथे, कातडी ओढल्यासारखी झाली. पट्टी तर नव्हतीच. मी हात मागे घेतला, खाली उतरले, शिडी सरकवली आणि पुन्हा चढले.

मग दिवसभर तेच. धाकटी दारात हाताची घडी घालून उभी होती. मदत करायची तिला मनाई होती, म्हणून ती मोजत बसली.

संध्याकाळी मुकादम मान वर करून कोपरान् कोपरा फिरला. एकही डाग सापडेना, तेव्हा त्याने विचारलं, "शिडी किती वेळा हलवलीस?"

"चौदा," धाकटी म्हणाली.

"चौदा? आपली माणसं पाचात उरकतात."

"मीही पाचातच उरकायचे," मी म्हटलं. "म्हणून तर पडले."

रोलर उचलून त्याने माझ्या हातात दिला. "उद्या जिन्याचं छत," तो म्हणाला. "सकाळी लवकर ये, तुला वेळ लागतो."