मोहोळपर्यंत पुरलेला आरएनए

तुम्ही हे खरं मानणार नाही, पैज लावतो! आमच्या निंगव्वाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, गाठीतून काढलेला आरएनए भवानी पेठेतल्या या उंबऱ्यापासून थेट मोहोळपर्यंत पुरला. मी स्वतः कांडीवर गुंडाळला.

एवढं ऐकूनच शेजारच्या कल्लप्पाला हुग्गीचा, गव्हाच्या खिरीचा, ठसका लागला. आज आमच्या दारात गल्ली जमली होती, आणि निंगव्वा घरात पातेल्याशी उभी राहून वाट्या भरत होती.

"वीरभद्रअण्णा, डोळ्याला दिसत न्हाय म्हणं ते!"

"तुज्या डोळ्याला. मी जल्मभर चादरी विणल्या. धागा मला दिसतो."

ऑपरेशन होऊन गाठ निघाली होती. आता धास्ती एकच, ती परत येईल का? संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई वैजयंती यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं, "काका, पुष्कळ आरएनए प्रथिनं बनवायचा निरोप नेतात. काकूंच्या गाठीत आम्ही मोजतोय तो हा लांबडा आरएनए मात्र काहीच बनवत नाही."

"मग करतो काय?"

"बसल्या जागेवरून दुसऱ्यांना नाचवतो."

"म्हंजे आमचा थोरला मेव्हणा!"

बाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, "गाठीत हा फार असला, तर ती परतण्याची भीती जास्त. कमी असला, तर भीतीही कमी. पण हा अंदाज आहे हं, हमी नाही. औषधं, तपासण्या चुकवायच्या नाहीत."

मी तडक तपासणीच्या मशीनपाशी गेलो. आत डोकावतो तर काय, साहेब पाय पसरून लोळतायत! मी दम भरला, "ए लांबड्या! काम न्हाय, धंदा न्हाय, आन् माज्या बायकोच्या जिवावर बसतोस व्हय? मागावर ये, न्हायतर गाव सोड!" तसे त्याचे भाऊबंद जे पळाले, ते चिंचोळी एमआयडीसीच्या पुढं जाऊन थांबले.

"आन् मोहोळपत्तोर पुरला म्हणालास ते?" कल्लप्पा.

"तो मागं राहिलेला एकटा. लांबीला कोण भितंय? गर्दी न्हवती, हे बघ की!"

बाईंनी निकाल वाचला, फार कमी. निंगव्वाला रडू कोसळलं. मी मात्र खांबासारखा ताठ. तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "रडतीस कशाला? मी हाय न्हवं?"

घरातला पळीचा आवाज थांबला. निंगव्वा पळी घेऊनच दारात आली.

"सुम्न कुंद्री! गप बसा! खोटं, समदं खोटं! दवाखान्यात बाईंकडं आत मी एकलीच गेल्ते. ह्यो गडी भाईर जिन्यावर डोळं मिटून बसलेला, आत या म्हटलं तर पाय उचलंना. 'लई कमी हाय' म्हणून मीच येऊन सांगितलं, तवा माज्या नव्या इरकलीच्या पदराला नाक पुसलं की तुमी!"