चार बोटांची भेग

आमच्या अण्णाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, गाडी विकत घेता येत नव्हती असं नाही. बँकेतली नोकरी, राजाजीनगरात स्वतःचं घर. शोरूममध्ये गेला असता तर दुपारपर्यंत चावी हातात आली असती. पण हयवदन नावाच्या या माणसाला सरळ मार्ग कधी मानवलाच नाही. त्याला चारही चाकांना ताकद असलेली पिकअप हवी होती, आणि तीही स्वतः जुळवलेली.

तीन वर्षं पीण्याच्या कारखानदारी वस्तीतल्या एका शेडमध्ये हा उद्योग चालला. चॅसीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचा, पुढचा अर्धा भाग चिकमगळूरच्या कॉफीमळ्यातल्या जीपचा, मागचा अर्धा दुधाच्या गाडीचा. इंजिन टोमॅटो वाहणाऱ्या टेम्पोचं, आणि चारी चाकांना ताकद वाटून देणारा गिअरबॉक्स लष्कराच्या लिलावातला. चार मेलेल्या गाड्यांची एक जिवंत गाडी, असं तो येईल त्याला सांगायचा. मला ते वाक्य पहिल्यापासून खटकायचं.

चॅसीचे दोन अर्धे जिथे एकमेकांना मिळतात ती जागा ड्रायव्हरच्या पाठीमागे येते. तो जोड आप्पाजींनी केला. आप्पाजी निपाणीकडचे, वय सत्तरीचं, चाळीस वर्षं पीण्यात वेल्डिंग करतायत. अण्णा त्यांना जेवढा मान देतो तेवढा आमच्या वडिलांनाही त्याने कधी दिला नाही.

मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात वेल्डिंग तपासते. सोळा वर्षं झाली. जोड पास की नापास एवढंच मला कळतं, आणि माणसांकडेही मी तशीच बघते असं घरचे म्हणतात. अण्णाने मला त्या शेडमध्ये कधी बोलावलं नाही. बोलावलं ते थेट खंडेनवमीला, पूजेच्या दिवशी.

गाडीला केळीचे खुंट बांधले होते, बोनेटवर झेंडूच्या माळा होत्या. पान्हे, ग्राइंडर, वेल्डिंगचा होल्डर, सगळी हत्यारं धुऊन कुंकू लावून पाटावर मांडलेली. त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. पूजा झाली की अकरा माणसं मागे बसवून देवरायनदुर्गाचा घाट चढायचा, देवदर्शन करायचं आणि परत यायचं, असा बेत होता. माझी मुलगी शलाका त्या अकरांत होती.

आश्लेषावहिनीने माझ्या हाती कुंकवाची वाटी दिली. "मनू, तू खालून लाव. कुठलाच भाग सुटायला नको." मी केबिनच्या खाली वाकले आणि नव्या काळ्या रंगात केसाएवढी रेघ दिसली.

रंग आपणहून फाटत नाही. खालचं लोखंड हललं की फाटतो. माझ्या स्कूटरच्या डिकीत तपासणीच्या औषधाचे कॅन असतात, कारखान्यातले. चोरी म्हणा हवं तर. बाकीचे पूजेच्या तयारीत होते; मी स्कूटरच्या चावीने रंग खरवडला, लाल औषध फवारलं, दहा मिनिटांनी पुसलं आणि वर पांढरं मारलं. भेगेत मुरलेलं औषध वर आलं आणि पांढऱ्यावर हळूहळू लाल रेघ उमटली. मी बोटं लावून मोजली. चार बोटं भरली. चॅसीची पट्टी सगळी मिळून आठ बोटं उंच. म्हणजे निम्मी पट्टी तुटली होती.

अण्णा शेजारी येऊन आडवा झाला. त्याने रेघ बघितली आणि काय झालं असं विचारलंच नाही.

"किती?" तो म्हणाला.

"चार बोटं."

"काल तीन होती."

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला. "तुला माहीत होतं?"

"हळू बोल. आज हत्यार उचलता येत नाही. दसरा झाला की खोलू."

"हत्यार उचलायचं नाही, पण ही गाडी घाटात न्यायची?"

"आप्पाजींच्या हातचं हे शेवटचं काम आहे, मनू. आज सगळ्यांसमोर त्यांना हार घालणार आहे मी. त्यांच्या देखत जोड नापास म्हणून सांगू? स्वल्प हळू चालवीन. जाऊन येऊ."

तो हे मला सांगत नव्हता, स्वतःला सांगत होता. आणि मी, सोळा वर्षं लोकांचे जोड नापास करणारी बाई, गप्प राहिले. सणाचा दिवस, भरलेली शेड, समोर म्हातारा माणूस.

कोहळा फुटला. आप्पाजींच्या गळ्यात हार पडला. चार चाकांखाली चार लिंबं ठेवून अण्णाने गाडी पुढे घेतली. लिंबं फुटली तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि टाळ्यांच्या खालून मला लोखंडाचा बारीक टक्क आवाज ऐकू आला. दुसऱ्या कुणी मान वळवली नाही. शलाका तोवर चढून बसली होती, नेमकी त्या जोडाच्या वर.

"खाली उतरा," मी म्हणाले. "सगळे उतरा. जोड तडकलाय. घाटात गाडीचे दोन तुकडे होतील."

"मनू, आज असलं अभद्र बोलू नये," वहिनी म्हणाली. अण्णाने डोळे मिटून घेतले.

आप्पाजी पुढच्या सीटवरून हळूहळू उतरले. ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते गुडघ्यावर बसले आणि गाडीखाली हात घातला. पांढऱ्यावरची लाल रेघ जरा वाकलं तरी कुणालाही दिसली असती. त्यांचा हात तिच्यापासून वीतभर लांब, भलत्याच लोखंडावरून फिरत होता.

"कुठं हाय, अक्का? जरा हात धरून दावा की."

मी त्यांचं बोट धरून भेगेवर टेकवलं. त्यांनी ते भेगेच्या टोकापर्यंत फिरवलं.

"उगादीपास्नं, म्हंजे पाडव्यापास्नं दिसंना झालंय," ते म्हणाले. "नुसता उजेड दिसतोय. अंदाजानं करत आलो."

"आप्पाजी, बोलला का नाही?" अण्णाचा आवाज फाटला.

"तुम्ही तरी कुठं बोललासा, साहेब?"

माणसं एकेक करून उतरली. शलाका माझ्या शेजारी येऊन उभी राहिली तेव्हा वाटलं, सुटलो. मग कामाची सवय म्हणून मी विचारलं, "उगादीपासून आणखी काय काय जोडलंत, आप्पाजी?"

ते भिंतीला टेकून बसले आणि अंगठ्याने बोटांची पेरं मोजायला लागले. बोअरवेलची लॉरी. दोन टेम्पो. दसऱ्याच्या जत्रेतला पाळणा. शाळेची व्हॅन, ती दोन वेळा. अण्णाने खिशातून फोन काढला, पण कुणाला लावायचा ते त्याला कळेना. एका हाताची पेरं संपली. आप्पाजींनी गळ्यातला हार काढून खाली ठेवला आणि दुसरा हात पुढे घेतला.