डाव्या कानाची खूण

दर महिन्याच्या तीन तारखेला केवळराम चांद्याहून पेढे आणायचा आणि ते माझ्या घशाखाली उतरायचे नाहीत. सकाळच्या गाडीने तो बल्लारशाहून निघे, सरकारी खजिन्यातून आपली पेन्शन घेई आणि दुपारी आमच्या दारात उभा राहून माझ्या बायकोच्या, गिरजाच्या, हातावर मोजून दोन पेढे ठेवी. एक तिचा, एक माझा. "माही पेन्शन झाली आज, वयनी," एवढंच म्हणे. गिरजा डोक्यावरचा पदर सारखा करून हसे. तीस वर्षांच्या संसारात माझ्या कमाईवर ती तशी हसल्याचं मला आठवत नाही.

वनखात्याच्या लाकूड डेपोत आम्ही दोघे एकाच दिवशी चिकटलो होतो. मी मुनशी, आणि तो ओंडक्यांवर घणाने सरकारी शिक्का मारणारा जमादार. हुद्द्याने मी वरचा, अक्षराने तर कितीतरी वरचा. लढाई संपली त्या साली वरून फॉर्म आले की ज्याला निवृत्त होताना एकरकमी फंड हवा असेल त्याने तसं लिहावं, आणि ज्याला मरेपर्यंत दरमहा पेन्शन हवी असेल त्याने तसं लिहावं. केवळराम तेव्हा खोकून खोकून वाकलेला होता, बायको गेलेली होती, मूलबाळ नव्हतं. तो पेन्शन म्हणाला तेव्हा मी सगळ्या डेपोसमोर पोट धरून हसलो.

"अबे, खायले जगशीन तवा ना!"

मी फंड घेतला. एक्कावन्न साली आम्ही दोघे निवृत्त झालो, पैसा हातात आला तेव्हा आठ दिवस छाती काढून चाललो. मुलीचं लग्न झालं, घरावर नवी कौलं चढली आणि दोन वर्षांत सगळं संपलं. केवळराम मात्र संपेना. तो जितके दिवस जगणार होता तितके दिवस मी मूर्ख ठरणार होतो, आणि गावाला नाही तरी गिरजाला ते रोज दिसणार होतं. तो मरावा असं मला वाटे. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण आता ती कुणी वाटून घ्यायची, हाच प्रश्न आहे.

निवृत्त होताना त्याचे पेन्शनीचे कागद मीच भरले होते. कागद इंग्रजीत, आणि त्याला अंगठ्याशिवाय काही येत नव्हतं. कागदात एक रकाना होता, ओळखीच्या खुणेचा; पैसे घ्यायला आलेला माणूस तोच आहे की दुसरा कोणी, हे खजिन्यात पडताळून बघता यावं म्हणून. केवळरामचा चेहरा घासलेल्या ताटासारखा कोरा, ना तीळ, ना व्रण. "लिही काईबी," तो म्हणाला. "तुह्या हातचं कोन खोटं म्हनन?" माझा हात माझ्याच कानावर गेला आणि मी लिहून टाकलं: डाव्या कानाची पाळी चिरलेली. ती माझी खूण होती. फार वर्षांपूर्वी ओंडका गाडीवर चढवताना साखळी तुटली आणि तिच्या आकड्याने माझी पाळी अर्धी फाडली होती. कधीतरी कोणी तपासेल, खूण जुळणार नाही आणि त्याला हाकलून देतील, असं माझ्या मनात होतं. केवळरामने खाली अंगठा उमटवला आणि मला एक बिडी दिली.

तीन वर्षं कोणी तपासलं नाही. खिडकीवरचे खुर्शीदमियां त्याला खोकल्यावरूनच ओळखत. मग चौपन्न साली नवा अधिकारी आला आणि त्याने हुकूम काढला की एप्रिलात प्रत्येक पेन्शनरने समोर उभं राहावं, खूण पाहूनच पैसे मिळतील. केवळराम माझ्याकडे आला.

"डोयाले दिसत नाई नीट. संगं चालतं का, बापू?"

मी धुतलेलं धोतर नेसलो, लग्नाला निघाल्यासारखा.

खुर्शीदमियांनी कागद काढला, वाचला आणि म्हणाले, "डावा कान दाखवा." केवळरामने टोपी वर सरकवली. खुर्शीदमियां खुर्चीवरून उठले, वाकून बघितलं आणि परत बसले.

"बराबर है."

मी पुढे होऊन पाहिलं. पाळी मध्यापर्यंत चिरलेली होती. जखम ताजी नव्हती. कडा जुन्या होऊन गुळगुळीत झाल्या होत्या आणि त्यांवर दोन-तीन पांढरे केस होते. मी माझा कान चाचपला. माझी चीरही जागेवर होती.

गाडीत मी त्याला विचारलं, हे कधी झालं.

"काऊन, इसरला? साखळी तुटली तवा. तूच त फडकं बांधलं होतं." मग खिडकीबाहेर बघत तो सांगत राहिला. गाडीच्या बैलाचं नाव, रक्ताने भिजलेली बंडी, सगळं बरोबर. "डोयापुढं अंधारी आली ना, तवा मले घर दिसलं. नवंच सारवलेलं." हे मलाच दिसलं होतं, आणि ते मी एका गिरजाशिवाय कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी फडकं केवळरामने बांधलं होतं, मी नव्हे.

त्यानंतर त्याचा खोकला थांबला. पावसाळा संपेपर्यंत तो अंगाने भरला, आणि मला खोकला लागला. मी ते माझ्या जळफळाटावर घातलं. जळणाऱ्या माणसाची छाती धुरानेच भरायची, असं स्वतःला सांगून हसलोसुद्धा.

दसऱ्याच्या आधी लटारूकडे दाढीला बसलो होतो. वस्तरा कानाजवळ आला तसा सवयीने म्हणालो, "पाळी जपून रे."

"कोनती पाळी, भाऊ?" त्याने आरसा पुढे धरला. माझा डावा कान तान्ह्या मुलासारखा अखंड होता. "फाटका कान त तुमच्या दोस्ताचा," तो म्हणाला आणि साबण पुसू लागला.

घरी जाऊन मी गिरजाचा हात धरून माझ्या कानाला लावला. तिने तो झटकन काढून घेतला, भर बाजारात कुणा परक्याचा धक्का लागावा तसा. मग बराच वेळ ती चुलीपुढून उठली नाही.

पुढच्या तीन तारखेला मी एकटाच चांद्याला गेलो. ठरवलं होतं, सगळं कबूल करायचं. खोटी खूण मी लिहिली, मला शिक्षा करा, पण त्याची पेन्शन बंद करा. खुर्शीदमियांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्या कानाकडे पाहिलं आणि कागद काढून माझ्यापुढे धरला.

"पर इसमें गलत क्या है, भाऊ? बापूजी त सकाळीच पैसे घेऊन गेले."

खूण तीच होती. वर नावाच्या रकान्यात माझं नाव होतं, माझ्याच वळणदार अक्षरात. खाली अंगठा नव्हता, सही होती. फंड मग कोणी उचलला होता, हे मी विचारलं नाही.

स्टेशनपासून घरापर्यंत मला चारदा बसावं लागलं, इतका खोकला येत होता. दार उघडं होतं. आत माझ्या पाटावर, माझी बंडी घालून तो जेवायला बसला होता. त्याने वर पाहिलं आणि ओळखीचं हसला. गिरजा पुड्याचा कागद उलगडत बाहेर आली. मला बघताच तिने पदर डोक्यावर ओढून सारखा केला.

"यायची पेन्शन झाली आज, केवळरामभाऊ," ती पाटावरच्या त्याच्याकडे बघून म्हणाली आणि माझ्या हातावर पेढा ठेवला.

एकच ठेवला. माझ्या घरी दुसरं कोणी नव्हतं.