रत्नपालन

मुर्रीच्या रत्नपालचा उजवा गुडघा बरेच दिवस कुरकुरत होता. एके सकाळी बांधावरून उतरताना तो लचकलाच. बायको, अल्का, त्याला गोंदियाच्या दवाखान्यात घेऊन गेली. एक्स-रे काढून दोघं बाकावर बसली. खिडकीतून हिवाळ्याचं ऊन येत होतं, त्यात त्याचा डोळा लागला.

झोपेतच त्याला हाक ऐकू आली, "रत्नपालन."

या नावानं त्याला फक्त केरळात ओळखत. ऐन जवानीचे हिवाळे तो तिकडे सेवन्स फुटबॉल खेळला होता. एका बाजूला सातच खेळाडू, मोसमाचा करार, आणि तो स्ट्रायकर. धान कापलेल्या शेतात लाकडी मचाणं बांधून हजारो लोक बसायचे. भिंतींवर त्याची रंगवलेली चित्रं असायची. चहावाले पैसे घ्यायचे नाहीत. मोसम संपला की तो गोंदियाला उतरायचा आणि पिशवी खांद्याला लावून मुर्रीला चालत जायचा. वाटेत कुणी वळूनही पाहायचं नाही.

त्यानं डोळे उघडले. समोर नर्स उभी होती.

"आप वही हैं ना?" ती म्हणाली. "मैं मलप्पुरम की हूँ. पापा के कंधे पर बैठकर आपका खेल देखती थी."

अल्काला हसू आलं. "रत्नपालन? कोंबडीपालनासारखं वाटते."

"तिकडं नावाले असंच शेपूट लावतेत."

"मले कधी सांगतलं नाई तुमी."

"सांगून कायले? इथं कोनाले खरं वाटलं असतं?"

नर्सनं तिथूनच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर एक म्हातारा आला आणि त्यानं चष्मा पुसून रत्नपालला नीट पाहिलं. मग फोन घेऊन तो अंगणात गेला, अंगणातून शेतात. कापणी झालेलं शेत, त्यात बगळे.

"हे तं आपलंच वावर हाय," अल्का हळूच म्हणाली.

म्हातारा काहीतरी बोलला. "कौनसा घुटना, पूछ रहे हैं," नर्स म्हणाली.

"दायाँ."

उत्तर ऐकून म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. नर्सही हसली. "बोलते हैं, फिर ठीक है. गोल तो बाएँ से मारते थे."

रत्नपालनं डाव्या गुडघ्यावर हात ठेवला.

ऑपरेशनची गरज पडली नाही. पुढच्या मोसमात म्हाताऱ्याच्या आग्रहावरून नवरा-बायको दोन दिवसांचा प्रवास करून तिकडे गेले. लंगडत मैदानात जाऊन त्यानं मानाचा पहिला चेंडू ढकलला तेव्हा माइकवरचा आवाज, दिवे, धूळ, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. अल्काच्या डोळ्यांना धार लागली. शेजारच्या बाईनं तिला आपला पदर दिला.

खेळ सुरू झाल्यावर तो म्हाताऱ्याजवळ येऊन बसला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हाताऱ्यानं शेंगदाण्याची पुडी मधे ठेवली. नव्या स्ट्रायकरनं समोरचा गोल हुकवला, आणि दोघांच्या तोंडून एकदमच "च्चक्" निघालं.