जाळी तोंडावरच आहे

मी एक जाळी आहे. कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ती. काळ्या तारांची, मागे पट्टा आणि बक्कल. वेळ थोडा आहे, म्हणून भरभर सांगते.

दुकानात टांगलेली होते तेव्हा मला स्वतःचा भारी तोरा होता. आपण माणसांचं रक्षण करणार, असं वाटायचं. एके दिवशी पडदे शिवणाऱ्या एक बाई आल्या. सोबत रॉटवायलर जातीचा दांडगा कुत्रा. त्याला पाहून दुकानदार दोन पावलं मागे सरकला.

"अहो, ढब्बू काही करत नाही," बाई म्हणाल्या. "उलट तोच मला सांभाळतो."

ते खरंच होतं. बाईंना मधुमेह. रक्तातली साखर उतरू लागली की त्यांना स्वतःला कळायचं नाही, ढब्बूला वासावरून कळायचं. तो त्यांची बाही दातांत धरून ओढायचा. तरीही लक्ष दिलं नाही, तर खालच्या फळीवरची ग्लुकोजची पिशवी उचलून मांडीवर आणून टाकायचा. दोन वर्षं त्याला हेच शिकवलं होतं.

पण खालच्या मजल्यावरच्या काकांना कोण समजावणार? "या जातीचा भरवसा नाही," ते इमारतीच्या सभेत म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. ढब्बू त्यांच्यावर कधी भुंकलासुद्धा नव्हता. शेवटी ठरलं, जिन्यात आणि लिफ्टमध्ये जाळी, नाहीतर घर सोडा. म्हणून मी आले. घरात शिरल्यावर बाई आधी मला काढून खुंटीला अडकवायच्या आणि मगच चपला काढायच्या. वर्षभरात एकदाही चुकल्या नाहीत.

आज चुकल्या.

दुपारी बाहेरून आलो, दार लावलं, तोच फोन वाजला. गिऱ्हाईक होतं. पडदे पाचला हवेत, पाहुणे यायचेत. बाई "हो हो" म्हणत तशाच मशीनवर बसल्या. इन्सुलिन घेतलेलं, जेवण राहिलेलं, आणि मी ढब्बूच्या तोंडावर तशीच.

थोड्या वेळाने त्याने नाक वर केलं. त्याचा श्वास माझ्या तारांवर आदळू लागला. बाही धरायला तो झेपावला, तर मध्ये मी.

"थांब रे, एवढी शिवण होऊ दे," बाई म्हणाल्या. जीभ जड झाली होती.

तो पिशवीकडे धावला. ती खाली पडली, पण उचलता येईना. मला पुढे करून तो ती ढकलत राहिला आणि पिशवी कपाटाखाली गेली. मशीन थांबली. बाई खुर्चीवरून हळूहळू घसरल्या.

तेव्हापासून ढब्बू मला दारावर आपटतोय. त्याच्या नाकातून रक्त येतंय. मला माझीच लाज वाटते. तुटावंसं वाटतं, पण बनवणाऱ्याने मला फार मजबूत बनवलंय.

बाहेर माणसं जमली आहेत. समोरच्या काकूंकडे दुसरी किल्ली असते. ती कुलपात शिरलेली मी ऐकली.

"थांबा, उघडू नका," काकांचा आवाज आला. "पिसाळलाय तो. कुत्री पकडणारे येऊ देत."

"पण ती ओ देत नाहीये हो."

"त्याच्या तोंडाला जाळी आहे का?"

"छे, घरात आल्याआल्या काढते ती," काकू म्हणाल्या. "कधीच विसरत नाही."

आहे हो काका, जाळी आहे. तुमच्याच हट्टाने आणलेली, तोंडावरच आहे. काकू, किल्ली फिरवा. आधी बाईंना बघा, मग हे बक्कल सोडा, आणि मला पुन्हा कुणाच्या तोंडाला बांधू नका.

किल्ली कुलपातून बाहेर निघाली.