बाजेकडं वळलेले कोंब

मी एक जुनं मडकं आहे, मित्रांनो. पाण्याचं नव्हे, बियाण्याचं. बिडकीनच्या सरूबाईनं मला कुंभाराकडून निवडून आणलं. दरवर्षी टपोरी कणसं वेगळी काढून ती त्यांची ज्वारी राख आणि कडुनिंबाच्या पाल्यासकट माझ्यात भरायची. मग तोंड शेणामातीनं लिंपलं, की आत मिट्ट काळोख.

तुम्हाला वाटतं, बी म्हणजे नुसता दाणा. अहो, त्याच्या आत एक जीव शिदोरी जवळ घेऊन निजलेला असतो. त्याचा श्वास इतका हळू, की निजलाय की मेलाय हे मलाही कळत नाही. मला त्याची भीतीच वाटायची! पण माणसांची भाकरी हजारो वर्षं या निजलेल्या जिवांवरच चालली आहे.

पुढं सरूबाईचं रान कारखान्यांत गेलं. मंडळी पडेगावला फ्लॅटमध्ये आली आणि मी सरूबाईच्या बाजेखाली. ती पडल्या पडल्या माझ्याशी बोलायची. तिला जाऊन वर्ष उलटलं, तेव्हा मुलगा शिवराज म्हणाला, बी मेलं असणार, दळून टाकू. सून सुरेखा अडून बसली. हे वाण दुसऱ्या कुणाकडं उरलं नव्हतं. दळलं की कायमचं संपलं. नवरात्र आलंच होतं. घटात उगवलं तर माहेरी सिल्लोडला पेरू, नाहीतर खुशाल दळा, असं तिनं ठरवून घेतलं आणि सरूबाईच्याच खोलीत घट बसवला.

चौथ्या माळेला पिवळे कोंब वर आले. मी हरखून बघतोय, तर अंगावर काटाच आला. हसा खुशाल, मडक्यालाही येतो. कोंब उजेडाकडं झुकतात, हा त्यांचा धर्म. हे मात्र सगळे खिडकीकडं पाठ करून कोपऱ्यातल्या रिकाम्या बाजेकडं वाकले होते.

बसलेला घट हलवत नाहीत. म्हणून पारख करायला शिवराजनं बाजच उचलून दाराशी नेली. दुसऱ्या सकाळी कोंब दाराकडं वळलेले होते.

ते बघून शिवराजनं मग बाज परत जागेवर ठेवली.

"आईचं ऐकू, सुरेखा. दसरा झाला की सिल्लोडला जाऊ."

"सगळं नका पेरू," ती सासूच्या बाजेकडं बघत म्हणाली. "मूठभर मागं ठिवा. आत्याबाई तसंच करायच्या."

ती मूठ आज माझ्यात आहे, मित्रांनो. तुमच्या घरी असं बी असेल तर वेळेवर पेरा, नवं भरून ठेवा. विसरलात तर ते निजल्या जागीच मरतं, आणि त्याला आतून कुणाला हाक मारता येत नाही.