ओटचा चोथा

जानकीला रविवारी चेंबूरला जायचं होतं. आई दोन महिने अंथरुणाला खिळलेली आणि जानकीनं तिचं तोंडही पाहिलं नव्हतं. घाटकोपरहून चेंबूर म्हणजे काही परदेश नाही. पण सासरे, दशरथबाबा, विषमज्वरातून उठत होते आणि नवरा जयवंत म्हणाला होता, "बाबा उठून बसले की जा. मी कुठे नाही म्हणतोय?"

बाबा काही उठून बसत नव्हते.

डॉक्टरांनी ओटची लापशी सांगितली होती. ओट ही चीज या घरानं कधी पाहिली नव्हती. जयवंतनं हापिसाजवळच्या दुकानातून विलायती डबा आणला. आत पोह्यांसारखे चपटे, फिकट. मग कुणी सांगितलं म्हणून दुसरे आणले, तुकडे केलेले, तांदळाच्या कण्यांसारखे. ते शिजायला तास खात. मग कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं की खरी ताकद घोड्यांच्या ओटमध्ये, रेसचे घोडे बघ. हा गेला आणि तबेल्यातून पिशवीभर दाणे घेऊन आला, सालासकट. ते कांडायचे, पाखडायचे, भिजवायचे. कुणी? विचारूच नका.

तीन भांडी, एक शेगडी, एक बाई.

शिवाय रुक्मिणीआत्या. बाबांची विधवा बहीण, भावाच्या दुखण्यासाठी मालवणहून आलेली. तिचा हुकूम एकच: आजाऱ्याची पेज फडक्यातून गाळून द्यायची. "पोट नाजूक झाला हा त्याचा. एक दाणो जाता कामा नये." जानकी गाळायची. पाणी बाबांना जायचं. फडक्यातला चोथा टाकवत नसे. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नसायचं, म्हणून मोरीशी उभ्यानंच ती तो खाऊन टाकायची. या घरात बाईनं न्याहारी केली का, हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

वाट्या मात्र रोज तपासल्या जायच्या. जयवंत चमचा चाटून म्हणायचा, "डब्यातला झकास." आत्या म्हणायची, "कण्यांचो बरो." बाबांना विचारलं तर ते भिंतीकडे वळायचे. "सगळं पाणीच रे ते."

शनिवारी डॉक्टर आले. नाडी बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अंगात काही धरत नाहीये. देताय काय?"

"ओट! तीन प्रकारचे," जयवंत म्हणाला. जणू स्वतःच कांडले होते.

"बरं, कुठल्यानं पोट भरलेलं राहतं?"

जयवंतनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं बाबांकडे. शेगडीपाशी जानकी बसली होती. तिचे डोळे मिटत होते. न वळताच ती बोलून गेली, "कण्यांनी. दुपारपर्यंत भूक लागत नाही. डब्यातला म्हणजे ओला कागद, तासाभरात पोट पुन्हा रिकामं. घोड्यांच्यातली सालं तर हिरड्यांत घुसतात."

मग आत्या म्हणाली, "तुका कसा कळला गो?"

"चोथा मी खाते."

"चोथा?" डॉक्टर म्हणाले. "गाळून देता? अहो, मग यांच्या पोटात जातं काय?"

आत्यानं कपाळावर हात मारला. "भावाची ताकद हिणां खाल्ल्यान!"

"गाळायला तुम्हीच सांगितलंत, आत्या."

"खावक सांगितलंय?"

जयवंत खालच्या आवाजात म्हणाला, "भूक लागली तर मागायचं ना, जानकी."

"कुणाकडे?"

डॉक्टरांनी घाईनं बॅग उचलली. कण्याच द्या, मऊ शिजवा, गाळू नका, एवढं सांगून ते जिना उतरले.

"मग उद्याचं राहू दे ना," जयवंत म्हणाला. "आता कुठे बाबांना नीट काही मिळेल. पुढच्या रविवारी बघू."

जानकीनं पळी भांड्यावर आडवी ठेवली. "रात्री भिजत घालायच्या. सकाळी मंद आचेवर तासभर. ढवळत राहायचं, नाहीतर तळाला लागतात. मीठ शेवटी."

"हे कुणाला सांगतेयस?"

"तुम्हाला. उद्या मी नाही."

"पुरुष मनीस पेज ढवळतलो?" आत्या किंचाळली.

खाटेवरून बाबांचा आवाज आला. "कुणीही ढवळा रे. पण दाणे घाला. भुकेनं जीव चाललाय माझा."

सकाळी जानकी निघाली तेव्हा जयवंत शेगडीपुढे उकिडवा बसला होता. धुरानं डोळे लाल. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही आणि तिनंही निरोप घेतला नाही. भांडायची ताकद नव्हती. ओट खाऊनही नव्हती.

बसमध्ये खिडकीशी टेकली आणि तिला झोप लागली. कंडक्टरनं हलवलं. "ओ बाई, चेंबूर कधीच मागे गेलं."

ती उतरली. उन्हातनं चालत परत आली. आईच्या खोलीत पोचली तर आई झोपलेली. जानकीनं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. चपला तशाच दारात सोडून ती आईला लागून आडवी झाली. आई जागी झाली तेव्हा लेक घोरत होती. आईनं तिला उठवलं नाही.